भाजण्याआधीची खूण

जुनं भांडं हाती आलं की माणूस ते आधी उलटं करून पाहतो. तळाला शिक्का असला तर समाधान वाटतं. नसला तर ‘कुणाचं कोण जाणे’ म्हणून भांडं परत फडताळात जातं. संग्राहकांसाठी लिहिलेली बरीच पुस्तकं अशा शिक्क्यांच्या याद्यांनीच भरलेली असतात. याद्यांचा उपयोग आहे, पण भांडं कुणी घडवलं हे ओळखण्याची विद्या शिक्क्याच्या कितीतरी आधी सुरू होते. ती शिकायला प्रवरेच्या खोऱ्यासारखी शाळा शोधून सापडायची नाही. देवळाली प्रवरा हे गाव मध्यावर धरा. नदीच्या वरच्या अंगाला संगमनेर तालुक्यात जोर्वे आहे, शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आणि खाली, प्रवरा गोदावरीला मिळण्याच्या थोडं अलीकडे, नेवासे. भारतीय पुरातत्त्वाच्या पुस्तकांत ही तीन नावं वारंवार येतात आणि त्यात मडक्यांचा वाटा मोठा आहे. जोर्व्याच्या नावाने तर मडक्यांची एक सबंध जातच ओळखली जाते. त्या मडक्यांवर कुणाचं नाव लिहिलेलं नाही, तरी ती घडवणाऱ्या हाताबद्दल आज आपल्याला पुष्कळ सांगता येतं.

शिक्क्यांपासूनच सुरुवात करू, कारण घरोघरी तेच असतात. लोणच्याची वरून तपकिरी, खालून पिवळसर पांढरी चिनी मातीची बरणी अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या जुन्या घरांत अजून सापडते. सौराष्ट्रातल्या थानगढ, वांकानेर, मोरबी या पट्ट्यात अशा मालाचे मोठे कारखाने होते आणि गणपुले या मराठी घराण्याच्या परशुराम पॉटरी वर्क्सचं नाव त्यात ठळक होतं. ग्वाल्हेर पॉटरीज आणि कलकत्त्याची बेंगॉल पॉटरीज यांचे कपबश्या-ताटल्यांवरचे शिक्केही जुन्या मालात भेटतात. परदेशी मालात इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरचे कारखाने पुढे आणि हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टच्या पेट्रुस रेगू यांचे वाडगेही बऱ्यापैकी. रेगूंच्या शिक्क्यात स्फिंक्सचं चित्र असतं, त्यामुळे तो अक्षरं पुसट झाली तरी ओळखू येतो.

शिक्क्यावरून काळ ठरवण्याचे काही ठोकताळे पक्के आहेत. इंग्रजी भांड्याच्या तळाला चौकटच्या पत्त्यासारखी आकृती असेल, तिच्या वर गोल आणि कोपऱ्यांत अक्षरं-आकडे असतील, तर ती 1842 ते 1883 या काळातली नक्षी-नोंदणीची खूण होय. वरच्या गोलात रोमन चार असेल तर वर्ग मातीकामाचा. वर्षाचं अक्षर 1867 पर्यंत वरच्या कोपऱ्यात असे, 1868 पासून ते उजव्या कोपऱ्यात गेलं. 1884 पासून चौकट गेली आणि सरळ नोंदणी क्रमांक आला. नुसतं ‘इंग्लंड’ असं देशाचं नाव बहुधा 1891 नंतरच्या मालावर येतं, कारण 1890 च्या अमेरिकेतल्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन इंग्लंड’ हे बहुतांशी विसाव्या शतकातलं. जपानी मालावर ‘निप्पॉन’ दिसलं तर 1891 ते 1921 च्या आसपासचा माल. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याचा तिथे ताबा होता तेव्हाचा, म्हणजे 1952 च्या आधीचा.

मात्र चौकटीतली तारीख नक्षीच्या नोंदणीची असते. तीच नक्षी पुढे वर्षानुवर्षं छापली गेलेली असू शकते. सिंह आणि एकशिंगी घोडा असलेलं इंग्लंडचं राजचिन्ह कितीतरी कारखान्यांनी बिनदिक्कत वापरलं, त्यामुळे त्यावरून कर्ता कळत नाही. चीनमध्ये तर कांगशी बादशहाच्या काळातल्या, म्हणजे 1662 ते 1722 मधल्या, भांड्यांवर दोनशे वर्षांपूर्वीच्या चेंगह्वा बादशहाची राजमुद्रा सर्रास लिहिली जाई. जर्मनीतल्या माइसेनच्या एकमेकींवर आडव्या निळ्या तलवारींची नक्कल किती जणांनी केली त्याला गणती नाही. शिवाय काही शिक्के कारखान्याचे नसतातच. मुंबईतल्या एखाद्या दुकानदाराने आपलं नाव घालून मागवलेला संच असतो, कधी क्लबचा, कधी रेल्वेचा. दौंड-मनमाड लोहमार्ग पूर्वी जी. आय. पी. रेल्वेचा होता. त्या अक्षरांची बशी कुणाच्या घरी निघाली तर ती अक्षरं बशीचा मालक सांगतात. बनवणारा वेगळा.

म्हणून माझ्या मते शिक्का वाचण्याआधी एक प्रश्न विचारावा: ही खूण भांडं भाजण्याआधीची आहे की नंतरची? भांडं उजेडात तिरकं धरा. खूण झिलईच्या आत बुडालेली असेल, वरून बोट फिरवलं तरी लागत नसेल, तर ती झिलई चढवण्याआधी, म्हणजे कारखान्यातच, उमटलेली आहे. झिलईवर बसलेली खूण नखाला जाणवते आणि तिरक्या उजेडात तिची चमक वेगळी पडते. ती रंगकाम करणाऱ्या दुसऱ्या कारखान्याची असू शकते, विक्रेत्याची असू शकते किंवा किंमत वाढावी म्हणून कुणी मागाहून घातलेली असू शकते. मातीत खोदलेली खूणही तशीच तपासायची. ओल्या मातीत काडी ओढली की रेघेच्या दोन्ही काठांवर माती थोडी उचलली जाते आणि रेघेचा तळ गुळगुळीत राहतो. भाजलेल्या भांड्यावर टोकदार वस्तूने ओरखडलं तर काठ बारीक बारीक तुटतात आणि आतल्या मातीचा रंग उघडा पडतो. पहिली रेघ भांडं घडत होतं त्या जागेची आहे. दुसरी, बहुतेक वेळा, ज्याच्या घरी ते वापरलं गेलं त्याची.

मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयातली भांडी पाहताना हा फरक फार कामाला येतो. तेव्हाचं नाव बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट. तिथे जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी 1870 च्या दशकात कुंभारकामाचा विभाग उभा केला. सिंधमधल्या निळ्या-हिरव्या-तपकिरी झिलईची परंपरा आणि त्याच काळात जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या लेण्यांतून उतरवून आणत असलेली चित्रं, या दोहोंच्या मिलाफातून ही भांडी घडली. आज ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयापासून खासगी संग्रहांपर्यंत पसरली आहेत आणि लिलावात चांगली किंमत घेतात. काहींच्या तळाला विद्यालयाचं नाव ओल्या मातीत कोरलेलं आहे. पण ज्याने चाक फिरवलं आणि ज्याने कुंचला धरला त्या कारागिरांची नावं बहुतेक भांड्यांवर नाहीत. शिक्का इथे संस्थेपर्यंत नेतो आणि थांबतो. माणसापर्यंत जायचं तर भांडंच वाचावं लागतं. नेमकं तेच प्रवरेच्या काठी पन्नास-साठ सालापासून चालू आहे.

1950-51 मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी जोर्व्याला उत्खनन केलं. तिथे मिळालेल्या विशिष्ट मडक्यांना पुढे ‘जोर्वे भांडी’ हेच नाव पडलं. 1954 ते 56 दरम्यान नेवाशाला मोठं उत्खनन झालं. दायमाबादचं टेकाड 1958 मध्ये बी. पी. बोपर्डीकरांनी उजेडात आणलं आणि तिथे म. ना. देशपांडे, एस. आर. राव आणि शेवटी 1975 ते 79 पर्यंत एस. ए. साळी यांनी खोदकाम केलं. दायमाबादला एकावर एक पाच वस्त्यांचे थर निघाले आणि प्रत्येक थराची ओळख मुख्यतः खापरांवरून पटली. सर्वांत खाली सावळदा, मग उत्तर हडप्पा, त्यावर खुद्द दायमाबादच्या नावाची पिवळट भांडी, मग माळवा आणि सगळ्यांत वर जोर्वे. इसवी सनापूर्वी सुमारे 2200 ते 1000 असा हा बाराशे वर्षांचा काळ आहे. दुसऱ्या थरात हडप्पा लिपीतली अक्षरं असलेली चार खापरं आणि बटणासारख्या दोन मुद्रा मिळाल्या. ती लिपी वाचता येत नाही, पण सिंधूच्या खोऱ्यातली अक्षरं प्रवरेकाठच्या गावात पोचली होती एवढं त्यातून ठाम कळतं.

जोर्वे भांड्याचा एक नमुना जवळून पाहू. तोटीचं भांडं घ्या, कारण कुंभाराचं कसब त्यात सगळ्यात जास्त लागतं. पोट फुगीर, मान वर जाऊन बाहेर उमललेली, आणि पोटाच्या एका बाजूने निघालेली लांब नळीसारखी तोटी. बाहेरून लालसर नारिंगी, त्यावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी. टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. तो आवाज म्हणजे भट्टीचा पुरावा: माती बारीक चाळलेली होती, भिंत पातळ होती आणि आच सगळीकडे सारखी लागली. तुटलेल्या कडेकडे पाहा. आतपासून बाहेरपर्यंत एकच तांबूस रंग असेल तर भट्टीत हवा भरपूर होती आणि भाजायला वेळ पुरेसा दिला होता. मधोमध करडी-काळी पट्टी राहिली असेल तर मातीतला सेंद्रिय भाग पुरता जळायच्या आत आच ओसरली.

आता आतली बाजू. बाहेरचा पृष्ठभाग कुंभार ओल्या हाताने किंवा फडक्याने पुसून घेतो, त्यामुळे चाकाच्या रेषा तिथून नाहीशा होतात. अरुंद तोंडाच्या भांड्याच्या आतला भाग कुणी पाहणार नसतो, तिथे तो हात फिरवत नाही. म्हणून आत बोटांच्या टोकांनी ओढलेल्या गोल चढत्या रेषा जशाच्या तशा राहतात. त्या सलग आणि सारख्या अंतरावर असतील तर चाक वेगात फिरत होतं. तुटक आणि वेड्यावाकड्या असतील तर मंद चाक, नाहीतर नुसत्या हाताचं काम. तोटी वेगळी घडवून, पोट जरा वाळल्यावर, भोक पाडून जोडलेली असते. भोक बाहेरून पाडलं तर आतल्या बाजूला मातीची कड उचलली जाते. ती कड एखाद्या कुंभाराने बोटाने चेपून टाकलेली असते, दुसऱ्याने तशीच सोडलेली असते. गिऱ्हाइकाला यातलं काही दिसत नाही, भांड्याच्या उपयोगालाही फरक पडत नाही, म्हणूनच अशा जागी कुंभाराची सवय स्वच्छ उरते.

कुंचल्याच्या रेषाही तशाच. गळ्याभोवतीचा आडवा पट्टा भांडं फिरतं ठेवून, कुंचला स्थिर धरून काढतात. पट्टा जिथे सुरू झाला आणि जिथे संपला ती सांध्याची जागा शोधली की टोकं जुळली की एकमेकांवर चढली हे दिसतं. समांतर तिरक्या रेषांनी भरलेल्या चौकटींत प्रत्येक रेघ जिथून सुरू होते तिथे रंग जाड बसतो, संपते तिथे विरतो. त्यावरून हात कुठून कुठे गेला ते कळतं. हा काळा रंग भाजण्याआधीच लावलेला आणि मातीबरोबर पक्का झालेला आहे. म्हणजे शिक्का नसलेल्या या भांड्यावर घडवणाऱ्याची खूण मानेपासून पोटापर्यंत पसरलेली असते.

अशा वाचनाचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण ग्रीसचं. अथेन्सच्या रंगीत सुरया हजारोंनी मिळाल्या, सही असलेल्या फार थोड्या. ऑक्सफर्डच्या जॉन बीझली (1885–1970) यांनी आयुष्यभर त्यांतल्या आकृत्यांचे कान, घोटे, गुडघे आणि कपड्यांच्या चुण्या तपासल्या. चेहरा काढताना चित्रकार सावध असतो, घोटा काढताना हात आपसूक चालतो, या तत्त्वावर त्यांनी शेकडो निनावी चित्रकारांची कामं वेगळी केली आणि ज्यांची नावं मिळाली नाहीत त्यांतल्या कित्येकांना, एखादी प्रसिद्ध सुरई ज्या शहरात आहे त्या शहरावरून नाव दिलं. ‘बर्लिन पेंटर’ हा असाच एक. त्याची सही कुठेही नाही, पण जगातल्या मोठ्या संग्रहालयांत त्याच्या नावाची पाटी आहे.

जोर्वे भांड्यांवर असं काम करायला मोठा वाव आहे. अडचण एवढीच की जोर्वे नक्षीत आकृत्या कमी आणि रेषा जास्त. त्यामानाने त्याआधीच्या माळवा भांड्यांवर प्राणी, पक्षी, माणसं भरपूर आहेत. नक्षीचा पसारा आवरला आणि आकार मोजके झाले हीदेखील कुंभाराबद्दलचीच माहिती आहे. जोर्वे भांडी कोकणाचा किनारा आणि विदर्भाचा काही भाग सोडला तर जवळजवळ सबंध महाराष्ट्रात मिळतात. तापीच्या खोऱ्यात प्रकाशे, प्रवरेवर दायमाबाद आणि भीमेच्या खोऱ्यात इनामगाव ही त्यांतली मोठी ठिकाणं. एवढ्या पसाऱ्यात तीच वाटी, तीच कंगोरेदार कड, तीच तोटी पुन्हा पुन्हा दिसते. घरच्यापुरतं मडकं करणाऱ्याच्या हाताला असा सारखेपणा येत नाही. तो दिवसभर चाकावर बसणाऱ्याला, बापाकडून शिकून मुलाला शिकवणाऱ्याला येतो.

याचा धडधडीत पुरावा पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला मिळाला. डेक्कन कॉलेजने 1968 पासून बारा-चौदा वर्षं तिथे खोदकाम केलं. वस्तीच्या पश्चिम कडेला कारागिरांची घरं निघाली आणि त्यांत कुंभाराची गोल भट्टीसुद्धा. खुद्द दायमाबादच्या जोर्वे थरातही कुंभाराचं घर ओळखता आलं. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या या निनावी माणसाचं नाव सांगता येत नाही, पण तो गावाच्या कुठल्या अंगाला राहत होता आणि भाजायला काय वापरत होता ते सांगता येतं. कितीतरी विलायती शिक्क्यांच्या धन्यांबद्दल आपल्याला एवढंही माहीत नसतं.

इनामगावने आणखी एक गोष्ट दाखवली. इसवी सनापूर्वी 1000 च्या सुमारास गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली बहुतेक गावं ओस पडली, दायमाबादही. इनामगाव मात्र पुढे 700 पर्यंत टिकलं. या उतरत्या काळातल्या घरांचे चौकोन जाऊन त्यांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि भांडीही जाडीभरडी, कमी रंगवलेली होत गेली. कोरडं पडत गेलेलं हवामान हे त्याचं एक प्रमुख कारण अभ्यासकांनी मांडलं. म्हणून भांडं साधं किंवा ओबडधोबड दिसलं की ते जास्त जुनं, हा संग्राहकांचा आवडता समज मनातून काढून टाकावा. इथे ओबडधोबड भांडी मागाहूनची आहेत.

हातघडणीच्या भांड्यांबद्दलही तसाच समज असतो. जोर्वे काळात लहान मूल गेलं की त्याला घराच्या जमिनीखाली, दोन करड्या रांजणवजा मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यांत पुरत. ही मडकी हाताने केलेली, भरड मातीची आहेत. चाकावरची नाजूक वाटी आणि हातचं जाड मडकं एकाच गावात, एकाच वेळी, एकाच घरात होतं. मोठं भांडं चाकावर एका दमात उचलत नाही हे आजचा कुंभारही सांगेल. तो माठ चाकावर लहान आणि जाड काढतो, अर्धवट वाळू देतो, मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत ठोकत फुगवतो. अशा माठाच्या तळाला चाकावरून दोरीने कापल्याची खूण राहत नाही, ती थापीखाली जाते. उलट संक्रांतीचं सुगडं उलटं करा. तळाला दोरीने कापलेल्या शंखासारख्या गोल रेषा स्वच्छ दिसतात. नदीकाठच्या कुंभाराकडे अर्धा दिवस बसणं हे खापरं वाचायला शिकण्यासाठी कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगाचं आहे, आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक त्यासाठीच कुंभारवाड्यात जाऊन बसत आले आहेत.

आकारावरून कर्ता ठरवण्यात मोठा धोका असतो. जोर्वे आणि माळवा काळातली तोटीची भांडी इराणमधल्या तशाच भांड्यांसारखी दिसतात हे सांकलियांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी दोन्हींचा संबंध असावा अशी मांडणी केली. त्यावर पुष्कळ वाद झाले. साम्य खरं आहे. पण लांब तोटीची गरज दोन ठिकाणी स्वतंत्रपणे पडू शकते, आणि सारखा आकार म्हणजे एकाच हाताची परंपरा असं म्हणायला मातीचा, चाकाचा आणि भट्टीचा दुजोरा लागतो.

मातीचा दुजोरा कसा मिळतो तेही पाहण्यासारखं आहे. खापराचा एक काप 0.03 मिलिमीटर इतका पातळ घासतात, की त्यातून उजेड आरपार जातो. सूक्ष्मदर्शकाखाली मग मातीतली खनिजं वेगवेगळी दिसतात. दख्खनच्या बेसाल्टची माती, कोकणातल्या जांभ्याची आणि गंगेच्या गाळाची माती यांची खनिजं एकसारखी नसतात. सातवाहनांच्या काळात रोमी साम्राज्यातून दारू भरून आलेल्या दोन कानांच्या सुरयांचे, ॲम्फोरांचे, तुकडे नेवाशालाही मिळाले. भारतात इतरत्र मिळालेल्या काही ॲम्फोरांच्या मातीत काळी ज्वालामुखी वाळू आहे आणि तिच्यावरून त्या इटलीतल्या नेपल्सच्या परिसरात घडल्या हे ओळखता येतं. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला तर त्याहून सोपं काम होतं. 1945 मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तिथे इटलीतल्या अरेझोच्या लाल चकचकीत भांड्यांचे तुकडे काढले, त्यांतल्या काहींवर कुंभारशाळेच्या धन्याच्या नावाचा ठसा, ओल्या मातीत दाबलेला, आहे. भाजण्याआधीची खूण आणि तीही वाचता येणाऱ्या लिपीत, अशी दुहेरी सोय फार क्वचित होते.

कधी कधी मातीत बोटाचा ठसाही राहतो. लहान मुलाच्या बोटावरच्या रेषा बारीक आणि जवळजवळ असतात, प्रौढाच्या रुंद. वाळताना आणि भाजताना माती आक्रसते, तेवढं वाढवून मोजमाप केलं की कच्चं भांडं मुलाने हाताळलं की मोठ्याने याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच तो, पण भांड्याजवळ कोण कोण बसलं होतं ते त्यातून कळतं.

एवढं सगळं वाचता येतं ते खापर आपल्या जागेवर मिळालं तर. याची किंमत दायमाबादने एकदा मोजली आहे. 1974 मध्ये छबू लक्ष्मण भिल यांना टेकाडावर झुडपाच्या मुळाशी खणताना तांब्याच्या चार मोठ्या मूर्ती सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंहून जास्त. धातुकामाचा हा ऐवज फार मोलाचा. पण तो शास्त्रीय खोदकामात, थरातून निघाला नाही. त्यामुळे त्याचा कर्ता उत्तर हडप्पा काळातला की त्याहून कितीतरी नंतरचा यावर वाद झाला. साळींनी आणि म. के. ढवळीकरांनी तो हडप्पा परंपरेशी जोडला. धर्मपाल अग्रवालांनी धातूत आर्सेनिकचं प्रमाण एक टक्क्याहून जास्त असल्याकडे बोट दाखवलं आणि इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत ते तसं आढळत नाही म्हणून शंका घेतली. मूर्ती घडवणाऱ्याची कारागिरी सगळ्यांना दिसते, पण त्याला कुठल्या शतकात बसवायचं हे ठरवणारी माती तेवढी हातची गेली होती. खापराच्या बाबतीत हे रोज घडतं आणि कुणाला कळतही नाही.

खोऱ्यातल्या गावांत जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पूर्वी माळवदावर टाकायला आणि शेतात खत म्हणून पांढरीची माती गाडीने वाहून नेत. त्यातून खापरं, मणी, हाडं शेतभर पसरली. पाऊस पडून गेल्यावर नांगरटीत रंगीत तुकडे वर येतात ते अशा ठिकाणी. ते पिशवीत भरून घरी आणावेत असा मोह होतो. पण शेतात पसरलेल्या तुकड्यांची जागा हीसुद्धा माहिती असते. कुठल्या भागात तोटीची भांडी जास्त, कुठे भरड रांजण, कुठे भट्टीचा जळका, काचेसारखा झालेला मातीचा गोळा, यावरून कुंभाराची जागा कळू शकते. तो जळका गोळा दिसायला नगण्य असतो आणि सगळ्यांत आधी फेकला जातो, पण कुंभार शोधणाऱ्याला रंगीत तुकड्यांपेक्षा त्याची किंमत जास्त.

कायदाही याच बाजूचा आहे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. प्रवरेकाठचं ताम्रपाषाणयुगीन भांडं बाजारात विकायला आलेलं दिसलं तर ते कुठल्या तरी पांढरीतून उकरलेलं असण्याची शक्यता फार मोठी. असं भांडं विकत घेऊ नये. त्याचा कर्ता शोधायची वाट विक्रेत्याने आधीच पुसलेली असते आणि पैसे दिले की पुढच्या पांढरीवर कुदळ पडते.

शेतात तुकडा दिसला तर तो उचलण्याआधी, जागेवर असताना, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा. गट क्रमांक, विहिरीपासून किंवा बांधापासूनचं अंतर आणि तारीख लिहून ठेवा. आसपास जळकी माती, राख किंवा एकमेकांना चिकटलेली, वाकडी झालेली खापरं आहेत का ते पाहा, कारण वाकडं भाजलेलं मडकं कुणी विकत घेऊन लांब नेत नाही, ते भट्टीजवळच टाकलं जातं. मग राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. आणि तुकडा हाती घ्यावाच लागला तर घासून धुऊ नका. आतल्या बाजूला चिकटलेल्या काळ्या थरात कधी कधी शिजवलेल्या अन्नातल्या स्निग्धांशाचे अंश उरलेले असतात आणि प्रयोगशाळेत ते ओळखता येतात. घरातल्या बरण्या-बश्यांसाठी काम त्याहून सोपं आहे. ती वस्तू कुणी, कुठल्या गावाहून, साधारण कुठल्या साली आणली हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी भांड्यात टाकून ठेवा. तळाला काही चिकटवू नका. तिथे झिलईखाली पुसट झालेला शिक्का असेल तर डिंकाखाली तो आणखी झाकला जाईल.